सळई

चिमणपुऱ्यात पहाटे चारला पाणी मी सोडतो.
एकोणतीस वर्षं झाली.
खांद्यावर चावी, हातात सळई.
सळईचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं,
दुसरं कानाला, आणि श्वास धरायचा.
खाली कुठं पाणी पळून जात असलं
तर बारीक सूं ऐकू येतं,
गाढ झोपलेल्याच्या नाकातल्यासारखं.
मुकादम म्हणायचा, ह्याच्या कानाला पाणी फसवत नाही.

मालनचा सोमवारी जबडा दुखला.
दाढ असंल, म्हणाली, लवंग धरली.
मंगळवारी पाठीत, दोन्ही खवाट्यांच्या मध्ये.
हंडा उचलला म्हणून.
मी विचारलं, काय होतंय? म्हणाली, काय नाय.
बुधवारी पित्त. जिरं चावलं, सोडा घेतला,
घाम पुसत सात भाकरी थापल्या.
आठवी तव्यावरच करपली.

छातीत दुखतंय असं ती एकदाही म्हणाली नाही.
माझ्या डोक्यात अटॅक म्हणजे पुरुष,
छाती धरून पडणारा,
गणपतीतल्या नाटकासारखा.

पोवई नाक्यावरच्या निम्हण डॉक्टरीणबाई
कागदाची पट्टी बोटांतून सोडत म्हणाल्या,
बायकांचं पुष्कळदा असंच येतं, चोरपावलानं.
दम लागतो, मळमळतं, उगाच थकवा.
तीन दिवस घालवलेत तुम्ही.
मग विचारलं, तंबाखू?
नाही, मी म्हणालो.
नाही, मालन म्हणाली.
बाईंनी तिला ओठ वर करायला लावला.
हिरडीवर काळी रेघ.
ही काय मग?
"ती व्हय. ती मिश्री. ती दातासाठी हाय."

पडद्यावर नळी दिसली,
पानगळीतल्या फांदीसारखी,
एका जागी सुताएवढी बारीक.
मी म्हणालो, आमच्यात पाइप तुंबला
तर टोकाकडून उलटं प्रेशर मारतात.
बाई हसल्या नाहीत.
म्हणाल्या, ही लोखंडाची नाही, जिवंत आहे.
चरबी नुसती आत साचत नाही,
भिंतीच्या पोटात मुरते, वर्षानुवर्षं.
एखाद्या दिवशी आतली साल फाटते,
तिथं रक्त गोठतं, आणि वाट बंद.
आवाज होत नाही?
नाही. पण बी.पी. मोजलं असतं
तर आधीच काही कळलं असतं.

टाकीवरचा काटा मी रोज वहीत लिहितो,
सणासुदीलासुद्धा.
मालनचं प्रेशर कुठल्याच वहीत नव्हतं.

नळीत जाळीची बारकी नळकांडी बसवली,
पेनातल्या स्प्रिंगहून लहान.
तिची किंमत सांगत नाही.

मिश्री सुटली. डबा तिनं फेकला नाही,
घासून त्यात गोळ्या ठेवल्यात.
गोळी घेताना अजून वास येतो म्हणते,
आणि क्षणभर डोळे मिटते.
पापड बंद, खारातली मिरची बंद.
भाच्यानं कंदी पेढे आणले
तर एकाचे चार तुकडे केले, एक खाल्ला,
उरलेले तीन आम्ही खाताना
आमच्याकडं वैऱ्यासारखं बघत राहिली.

बाईंनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं.
चार भिंतीवर जाऊ म्हणालो,
तिथं सगळा सातारा चालतो.
"बिनकामाची हिंडू व्हय मी? लोक काय म्हणतील?"
म्हणून आता माझ्याबरोबर पाणी सोडायला येते.
चावी तिच्या हातात.
चावी असली की कुणी काही विचारत नाही.

समर्थ मंदिराच्या चढाला ती थांबली की
मी पण थांबतो, चपलेत खडा गेल्यासारखा.
काल म्हणाली, दे ती सळई.
रस्त्यावर टेकवली, कानाला लावली,
पदर सावरून श्वास धरला.
काय ऐकू येतंय?
"काय नाय."

मी सळई तिच्याकडून घेतली
आणि त्याच जागी
पुन्हा एकदा कान लावला.