साकीनाक्यात बर्फाची गाडी

टेम्पोतून उतरवली तेव्हा कळलं, तिला चाकंच नाहीत.
पुढे दोन घसरपट्ट्या, पोटाखाली रबराचा पट्टा,
आणि अंगभर निळे-लाल स्टिकर, कुणी नखं ओढल्यासारखे.
मालाडच्या मॉलमधली बर्फाची खोली बंद पडली,
लिलावात ही भोईरांनी उचलली. मंडप-डेकोरेशनवाले.
हिच्यावरून नवरदेव येणार. खाली ट्रॉली, बाजूने धूर.
"सोनेरी मारायचीय. आधीचं एक अक्षर दिसता कामा नये.
आणि प्लास्टिकला ओरखडा आला तर पैसे विसरा."

अझीमने थिनरचं बूच काढलंच होतं.
"ठेव ती खाली!"
बाबा स्टुलावरून ओरडले. दोन वर्षांत,
त्यांचा उजवा हात गेल्यापासून,
एवढा आवाज चढला नव्हता.
थिनर प्लास्टिकला खातो. आधी चकाकी जाते,
मग पांढुरकं पडतं, तापातून उठलेल्या ओठांसारखं,
आणि मग देवालाही जमत नाही.
ब्लेडचं तर नाव काढायचं नाही आमच्याकडे.
चाळीस वर्षांत बाबांच्या हातून एकच गाडी ब्लेडने बिघडली.
कुणाची, ते अजून सांगत नाहीत.

मी शेजारच्या पार्लरमधून लवीनाचा ड्रायर मागून आणला.
तिकडे एक नवरी ओल्या केसांनी बसून राहिली.
ड्रायर वीतभर लांब. हात फिरता.
थांबलास तर प्लास्टिक पापडासारखं उचलतं
आणि तसंच गार होतं.
मग कोपरा. नखाने, अगदी
झोपलेल्या पोराच्या मुठीतला खडू काढावा तसा.
ओढायचं ते वर नाही, मागे.
स्टिकर स्वतःवरच दुमडत यायला हवा.
घाई केलीस की वरचं रंगीत तेवढं हाताला येतं,
गोंद म्हणतो, मी बसतो इथेच.

गोंद बसलाच होता जागोजागी.
खोबरेल चोळलं, चहा पिऊन आलो,
बाबांच्या मुदत संपलेल्या एटीएम कार्डाने
हळूहळू खरवडत गेलो. काळ्या शेवया निघाल्या.
साबणाचं पाणी. फडकं. पुन्हा फडकं.

नाव गेलं,
आणि नाव दिसत होतं.
अक्षरांखालचं प्लास्टिक नवंकोरं काळं,
भोवतालचं राखेच्या रंगाचं.
अझीम म्हणाला, "पण ही तर खोलीत होती ना, ट्यूबलाइटखाली?"
बाबा म्हणाले, "त्याच्या आधी उन्हात होती कुठेतरी."
बर्फावर ऊन पडतं,
हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.
आमचा बर्फ म्हणजे ससून डॉकची लादी,
गोणपाट, लाकडाचा भुसा, आणि पळत सुटलेला हातगाडीवाला.

डाव्या अंगाचा मोठा स्टिकर सगळ्यात शेवटी घेतला.
तो अख्खा आला, एकही फाटा न जाता.
उलटा करून उजेडात धरला,
तर वरच्या कोपऱ्यात, गोंदात,
एक अंगठा.
रेषा स्पष्ट, मधे छोटासा कापल्याचा व्रण.
कारखान्यात कुणीतरी इथे धरला असेल,
दुसऱ्या हाताने फडकं फिरवत बुडबुडे काढले असतील,
पुढच्या गाडीकडे वळला असेल. किंवा वळली असेल.
मीही असाच धरते. रिक्षांच्या काचांवर,
दुधाच्या टेम्पोवर, 'आईचा आशीर्वाद'च्या पाठीमागे
माझे अंगठे आहेत. बाबांचे तर
गोवंडीपासून दहिसरपर्यंत असतील, जेवढे अजून भंगारात गेले नाहीत.

बाबांनी आपला चालता अंगठा त्याच्याशेजारी धरला.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "डावरा होता."

भोईरांचा फोन आला, झालं का?
झालं, म्हटलं. अक्षरांवर पॉलिश पेपर लागेल, बारीक, पाण्यातला,
उद्या करू.
स्टिकर मी शटरच्या आतल्या बाजूला लावला, उलटा,
चारही कोपऱ्यांना सेलोटेप.
अझीमने विचारलं, हा कशाला?
मी म्हटलं, पाय काढ, वायर गुंडाळू दे.

पण ड्रायर मी घ्यायच्या आत
बाबा डाव्या हाताने तो उचलून
स्टुलावरून उठले होते,
लवीनाकडे द्यायला.