तिसरा ठोका

संबळ खिळ्याला टांगून
अकरा महिने झाले.
अप्पांनी त्यावर उशीचा अभ्रा घातलाय,
पोपटाच्या पिंजऱ्यावर रात्री घालतात तसा.

कात्रजच्या बोगद्यापलीकडे, वळणावर,
आधी मोटारसायकल सापडली,
मग धनाजी, माझा धाकटा,
मग त्याचं तुणतुणं, पंधरा फुटांवर, तार शाबूत.
त्या शाबूत तारेचा मला फार राग येई.

मी रात्रपाळीला असते, कर्वे रोडच्या लॅबमध्ये.
रक्ताच्या नळ्यांवर लोकांची नावं चिकटवते.
पहाटे तीनला मशीन एका सुरात फिरतं, काळी दोनच्या आसपास,
आणि मी रद्द रिपोर्टांच्या पाठीवर गाणं लिहिते.
देवीचं नाही. देवीशी सध्या आमचं बोलणं नाही.
पाण्याच्या टँकरचं, आईच्या बीपीच्या गोळीचं,
शीळ घालत जिना चढणाऱ्या एका मुलाचं,
ज्याची शीळ जिन्याला अजून पाठ आहे.

मॉडेल कॉलनीतल्या कॅफेत गायले एकदा.
एकजण म्हणाला, "किती मातीतलं आहे!"
त्याच्या कॉफीवर दुधाचं पान काढलं होतं.
मला वाईट नाही वाटलं. पाचशे मिळाले, वर थालीपीठ.
फक्त येताना म्हात्रे पुलावर गाडी थांबवून
नदीकडे बघत राहिले जरा.
वासामुळे फार वेळ नाही.

मग गुरुवार सुरू झाले.
येरवड्याच्या लांब भिंतीआड, बायकांच्या वॉर्डाचं अंगण,
चार ते पाच, चहाच्या आधी.
सबनीस सिस्टर म्हणाल्या, "गाण्याला औषध वगैरे समजू नकोस हां.
औषध आम्ही देतो. तू गा."

तिथे एक पुतळाबाई. बोलत नाहीत.
गाव कुठलं, कागदालाही नक्की माहीत नाही.
तिसऱ्या गुरुवारी त्यांनी ताट उपडं घातलं
आणि बोटांनी ठेका धरला:
एक, दोन,            चार.
एक, दोन,            चार.
मी थांबले, पुन्हा उचललं, मान हलवून दाखवलं.
तिसरा ठोका काही पडेना.
कॅफेत इतकं सरळ चालणारं माझं गाणं
दर ओळीला त्याच खड्ड्यात पाय घालू लागलं,
आणि मला रडू आलं,
अकरा महिन्यांत पहिल्यांदा, चाळीस बायकांसमोर.
कुणी समजूत घातली नाही.
एकीने नाक पुसायला पदर पुढे केला, नेसलेलाच.

घरी सांगितलं, भाकरी मोडताना, सहज:
त्या बाई तिसरा ठोका चुकतात.
अप्पा ताटाकडे बघत म्हणाले,
"चुकत नसेल.
जागा ठेवत असेल कुणाची."

मग काही नाही. मग भांडी. मग आईची मालिका.
रात्री उशिरा गॅस पेटल्याचा आवाज.
अप्पा सादळलेलं कातडं आचेवर फिरवत होते,
लांबून, बाळाला शेकतात तसं.
अभ्रा ओट्यावर, घडी करून.

बरं झालेलं काही नाही.
अप्पांना झोपेची गोळी लागतेच.
धनाजीचं नाव माझ्या ओळीत अजून बसत नाही,
एक मात्रा बाहेर राहते.
पण गुरुवारी आता आम्ही दोघं जातो, पीएमटीनं,
संबळ मांडीवर. कंडक्टर विचारतो, याचं तिकीट?

अंगणात ताट उपडं होतं.
एक, दोन,
आणि अप्पांची वाकडी काठी हवेत, तशीच.
पुतळाबाई तिच्याकडे बघतात.
कुणीच घाई करत नाही.