पेन्सिलीवरचं बेअरिंग

भांगाचे दिवस. पाण्याला ओढ नाही,
म्हणून आज रीळ उघडायचं.
आबा टेबलावर जुना टॉवेल अंथरतात.
टॉवेलच, वर्तमानपत्र नाही:
कागदावरून बारीक वस्तू घरंगळते,
टॉवेल धरून ठेवतो.

त्यांचे हात आता थरथरतात. स्क्रू माझ्याकडे.
बाजूची झाकणी, स्पूल, मग पिनेच्या टोकानं
नखाच्या कडेएवढी ती स्प्रिंग.
"पिशवीत हात घालून काढ," ते म्हणतात,
"गेल्या वेळची अजून फ्रिजखाली आहे."

दोन बेअरिंगं, तुरीच्या डाळीहून जरा मोठी.
रिक्लेमेशनच्या खडकांवरचं वर्षभराचं मीठ
पागडीच्या भाडेकरूसारखं आत बसलंय.
लोणच्याच्या बाटलीत ॲसिटोन ओतून
मी ती बुडवते, झाकण आवळून हलवते.
पहिल्यांदा कोऱ्या चहाचा रंग.
दुसऱ्यांदा फिका.
तिसऱ्यांदा काहीच नाही.

तेलासाठी फ्रिजच्या दारातली सिरिंज.
आईच्या अजून अकरा शिल्लक आहेत, पाकीटबंद.
इन्शुलिनची सुई इतकी बारीक
की थेंब पडत नाही, उगवतो.
"दोन युनिट," आबा म्हणतात,
आणि मग आम्ही दोघंही थोडा वेळ
टॉवेलकडे बघत राहतो.

जास्त तेल म्हणजे ब्रेक.
हे ते जहाजावर शिकले नाहीत.
तिथं इंजिनरूममध्ये तेल बादलीनं,
आणि कान तिथंच गेले, बावीस वर्षांत, हप्त्या-हप्त्यानं.
हे शिकवलं मनोरीच्या ग्लॅडविन कोरियानं:
तेलानं तुंबलेलं रीळ गळ पायाशीच टाकतं,
आणि फार मोकळं सुटलेलं
अंगठा चुकला की दोऱ्याचं सुगरणीचं घरटं करतं.
मग तांब समोर उडी मारते
आणि तू गाठी सोडवत बस.

आता पेन्सिल. लाल-काळ्या पट्ट्यांची,
एका टोकाला दातांचे खड्डे.
दुसऱ्या टोकात बेअरिंग बसवून
मी बोटानं टिचकी मारते.
मला नुसती हलकी सरसर ऐकू येते,
आबा पेन्सिल दातांत धरतात, डोळे मिटतात.
आई म्हणायची, त्या तेलकट वस्तू तोंडात घालू नका.
"आहे," ते म्हणतात. "एक कण."
मला काही ऐकू आलं नाही, मी सांगते. बोटानं खूण करून.
"आहे."

पुन्हा ॲसिटोन. बाटलीच्या तळाशी,
भिंगातून पाहिलं तर,
मिठाचा एक चौकोनी खडा, खिडकीसारखा.
तो बोट लावताच फुटला.

पुन्हा दोन युनिट. पुन्हा टिचकी.
या वेळी आबा बोटांच्या पेरांवर मोजतात,
एक हात संपतो, दुसरा सुरू होतो,
दुसराही संपतो,
आणि ते मोजायचं सोडून देतात.

"घे. तू ऐक."
टोक ओलं आहे. त्यांच्या खड्ड्यांत
माझे दात नीट बसत नाहीत.
टिचकी ते मारतात, थरथरत, तिसऱ्या खेपेला लागते,
आणि कवटीच्या आत, कानांना वळसा घालून,
कुठल्याशा बंद दारापलीकडे
कुणी तरी न थांबता लांबच लांब शिवण घालतंय.

"काय?" आबा विचारतात,
माझ्या ओठांकडे बघत.
तोंडात पेन्सिल.
मी नुसती बोट वर करते: थांबा, अजून फिरतंय.