शनिवार, दहा ते बारा

फॉर्मवर एक रकाना होता : शेवटची शाळा.
घणसोली, सातवी, असं लिहिलं.
खिडकीतल्या मुलीनं वर न बघता
शिक्का मारून कागद आत ठेवला.
इतकं सोपं होतं, तर
चोपन्न वर्षं मी कुणाची वाट बघत होतो?

ऐरोलीतल्या विद्यापीठाचा वर्ग थंडगार.
बाकं नाहीत. खुर्च्या, आणि त्यांच्या हाताखाली दुमडलेली फळी.
ती उघडायला कुट्टीबाईंनी शिकवलं.
हा पहिला धडा.
लिमयेसाहेब बँकेतले, त्यांना प्रत्येक उत्तर आधी येतं
आणि दर वेळी किंचित चुकतं.
आम्ही अकरा ज्येष्ठ. दोघांना ऐकू येत नाही,
एक जण फक्त एसीसाठी येतो, असं तोच सांगतो.

विषय : रोजच्या जगण्यातलं रसायन.
साबण झाला, खायचा सोडा झाला, लोखंडाचा गंज झाला.
मी वहीत उतरवत राहिलो, हात वर केला नाही.
रंगांचा शनिवार आला तेव्हा केला.
म्हटलं, रबाळ्याला रंगाच्या कंपनीत होतो, एकतीस वर्षं.
दहा डोकी वळली.
मॅडम, माझ्या नातीहून चार वर्षांनी मोठ्या असतील,
खडू पुढं करून म्हणाल्या, मग आज तुम्ही शिकवा, काका.

मी सांगत सुटलो.
वाफेचा वास बदलला की बॅच झाली,
इंजिनिअरला मीटरवर दिसायच्या दहा मिनिटं आधी.
चार वेळा साबण लावला तरी रात्री घामातून रंग यायचा,
उशीचे अभ्रे निळे.
काळजी म्हणून कंपनी काय द्यायची? मॅडमनी विचारलं.
गूळ, मी म्हणालो. पाळी सुटताना एक खडा.
वर्ग हसला.
मीही हसलो.

आणि माल कुठला?
नाव नव्हतं माहीत. पिंपावर सात आकडा असायचा,
आम्ही त्याला सातवा म्हणायचो.
करडी पूड, वारा लागला की काळवंडायची.
मॅडमचा खडू थांबला.
मग त्यांनी फळ्यावर दोन षटकोन काढले,
एकमेकांना धरून उभे,
आणि त्याचं खरं नाव सांगितलं, चार अक्षरी,
आणि ते शरीरात जाऊन कुठे बसतं तेही.

हसुराम म्हात्रे.
पिंप फोडायचं काम त्याचं.
लघवी लाल झाली तेव्हा संडासातूनच ओरडला होता,
ए, आज रेड बॅच हाय रं!
आम्ही पोट धरून हसलो होतो.
अठ्ठेचाळिसावं संपलं नव्हतं त्याचं.

मी विचारलं, मॅडम, हे कळलं कधी?
त्या फळ्याकडेच बघत म्हणाल्या,
कळलं होतं, काका.
तुमच्या जन्माच्याही आधी.
एसीचा आवाज मोठा झाला.
लिमयांकडेही उत्तर नव्हतं.

परत येताना बाजारात गोमी बसलेली, हसुरामची,
पुढ्यात सुका जवळा.
काय शिकवतान रं तुला तिथं, या वयान?
मी म्हटलं, रंग.
रंगांचं काय शिकाचं? ते तुझ्या नखांत हान अजून.
मापावर एक मूठ जास्त टाकली तिनं.
मी पिशवी धरून उभा राहिलो.
मागचं गिऱ्हाईक म्हणालं, सरका.

रात्री नातीचं कंपास घेऊन षटकोन काढून बघितले.
पाच बाजू नीट येतात,
सहावी केसभर उघडी राहते.
काढले, खोडले. पान फाटलं.

पुढच्या शनिवारी विषय आहे : पाणी.
कंपनीमागच्या नाल्यातलं
एक बाटलीभर भरून ठेवलं आहे.
नाव मॅडम सांगतील.