अकरा फूट

आमच्या दारापुढे अकरा फूट रस्ता आहे.
तसा रस्ता लांब आहे,
दौलतगंजाच्या पोटातून निघतो,
हनुमानाच्या ओट्याशी वळतो, पुढे काय करतो
ते मी कधी पाहिलेलं नाही.
पण त्यातले अकरा फूट आमचे.
नगर निगमाला हे ठाऊक नाही.
भदौरियांना ठाऊक आहे, मान्य नाही.

ए.जी. ऑफिसातून सुटले त्याच महिन्यात
ह्यांनी खाणीवरून पिवळट दगडाची फर्शी आणली,
दाराशी उभी केली
आणि खिडक्यांना लावून उरलेल्या निळ्या रंगानं
तिच्यावर हिंदीत विनंती लिहिली.
अक्षरं आपलीच.
फक्त आर्जव परकं.

भदौरियांची बोलेरो तेरा फुटांची.
अकरात तेरा बसवायचे म्हणजे
दोन आमच्या पायरीवर येणार,
हा हिशोब ह्यांनी कागदावर मांडून दिला त्यांना,
खाली सही, तारीख.
दुसऱ्या दिवशी त्या कागदाच्या पुडीतून
त्यांचा नातू मुरमुरे खात होता.

भांडायचं असलं की आम्ही हिंदीत जातो,
बाहेर पडताना चपला घालाव्या तसं.
मराठीत मला धड रागावता येत नाही,
आवाज चढला की तो माझ्या आत्याचा होतो
आणि मलाच हसू येतं.
"सडक आपके बाप की है?" भदौरियांनी विचारलं.
ह्यांनी खरोखर विचार केला.
"जी नहीं, पिताजी तो शिक्षा विभाग में थे."

ठाण्यात हवालदारानं सगळं लिहून घेतलं,
फर्शी, पायरी, आरशाला गेलेला तडा.
मग पेन थांबवून म्हणाला, "गाड़ी चलती है?"
हे पंख्याकडे बघत राहिले.

मारुती चार वर्षं सुरू झालेली नाही.
तिच्याखाली मांजर दर वर्षी विते,
आणि मुलगा पुण्याहून फोनवर म्हणतो, विका.

मेमध्ये सीवरवाल्यांनी गल्ली उभी चिरली.
आधी गाड्या काढा, म्हणाले.
बोलेरो गेली. मारुतीला
भदौरियांच्या दोन्ही मुलांनी ढकलत
शाळेच्या मैदानापर्यंत नेलं, स्टिअरिंगवर हे,
घोड्यावरच्या नवरदेवासारखे ताठ.
फर्शी कुणीतरी खड्ड्यावर आडवी टाकली.
चार महिने दोन्ही घरं तिच्यावरून ये-जा करत होती,
विनंतीवर पाय देऊन.
भदौरियांची आई पलीकडे जाताना माझं मनगट धरायची,
इतकं घट्ट, की बांगडीचा वळ उठायचा.

रात्री साडेनवाला दोघं टॉर्च घेऊन
गाड्या बघायला जायचे.
एक चालणारी, एक न चालणारी.
वाटेत काय बोलायचे कोण जाणे.
एकदा विचारलं तर हे म्हणाले,
"त्यांची शुगर दोनशे चाळीस आहे."
आणि दुसऱ्या दिवसापासून
स्वतःच बिनसाखरेचा चहा मागायला लागले.

दसऱ्याच्या आधी रस्ता झाला.
सिमेंटचा, कोरा, एका टोकाला
ओल्यात उमटलेली कुत्र्याची चार पावलं.
पहिल्या रात्री कुणीच गाडी लावली नाही.
पोरांनी खडूनं आखून बॅडमिंटन मांडलं.
मी खिडकीत उभी होते
आणि त्या सगळ्या लांबीत मला
आमचा एकही फूट ओळखू येईना.

मग मारुती परत आणली,
बोलेरोच्या मागे दोर बांधून.
गाठ भदौरियांनी मारली,
"भाईसाब, ब्रेक! ब्रेक!" असं ओरडत
तिला नेमकी आमच्या दारात सोडली.
त्यांच्याकडे चहा झाला.
बिनसाखरेचा.

सकाळी सातला हाक आली,
"भाभीजी, पीछे से चार अंगुल हमारी तरफ़ है."
हे अंघोळीला गेले होते.
मी चपला घातल्या.