पेन्सिल आहे का

पायसांदूत, नदीकडच्या खोलीत
माझ्या मांडीवर संगणक, आन्सेल्मो आरिस्पेच्या मांडीवर बान्दोनिओन.
एकाहत्तर कळा. भाता उघडताना एक स्वर, मिटताना दुसरा,
आणि प्रत्येक हळू, मध्यम, जोरात.
चारशे सव्वीस तुकडे, मी म्हटलं.
"एवढ्यात माझं एक लग्न होऊन मोडलं होतं,"
तो म्हणाला, आणि पहिली कळ दाबली.

मुद्रण तीन दिवसांत उरकलं.
मग प्रश्न आला, कापायचं कशात.

पहिलं सॉफ्टवेअर देखणं.
लाटा निळ्या, खालून दिवा लावल्यासारख्या.
पण जवळ जावं तर एका टप्प्यानंतर दारातच अडवतं:
पुढे साहेब भेटत नाहीत.
उंटावरून शेळ्या हाकायच्या तर उत्तम.
मला शेळी धरून
तिच्या खुरातला काटा बघायचा आहे.

दुसरं भाड्यानं, दरमहा.
माझी भाची लुडमिला त्याची भक्त.
तिनं एक बटण दाबलं, आपोआप स्वच्छ,
भात्याचा श्वास गेला,
कळेखालच्या लाकडाचा ठोका गेला,
उरला स्वर, न्हाऊ-माखू घालून
तीट लावलेला,
आत बाळ नव्हतं.

तिसरं राखाडी. फुकट.
उघडलं की आधी माफी मागतं,
मागच्या खेपेला मधेच मान टाकल्याबद्दल.
पण त्यात पेन्सिल आहे.
जवळ जा, अजून जवळ,
लाटेची रेघ होते, रेघेची टिंबं सुटतात,
सेकंदाला शहाण्णव हजार,
त्यातलं कुठलंही एक चिमटीत धरून
वर-खाली सरकवता येतं.

तिथंच ठरलं असतं. पण टक्.

अडतिसावी कळ, मिटताना, हळू.
स्वर फिरत राहावा म्हणून टोकाला टोक जोडतात,
दोन्ही शून्यरेषेवर, दोन्ही एकाच दिशेला निघालेली,
नाहीतर सांधा बोलतो.
माझा सांधा बोलतोय, मला वाटलं.
सांधा हलवला. टक् जागचं हललं नाही.
तिन्ही सॉफ्टवेअरांत टक्.
तीन डॉक्टर, एकच निदान.
केबल बदलून पाहिली. फ्रिज बंद करून ऐकलं
आणि चालू करायला विसरले, मासे गेले.
हळू वाजवलेल्या सगळ्यांत टक्,
दर पाऊण-एक सेकंदानं.

एकोणतीस तारखेला तो न्योकी खायला आला,
ताटाखाली नाणं सरकवलं, महिनाभर पैसा टिकावा म्हणून.
मी ऐकवलं.
त्यानं शर्टाची वरची दोन बटणं सोडली.
छातीच्या मधोमध उभी शिवण.
"झडप," म्हणाला. "धातूची.
रात्री मांजर कान टवकारतं."
बान्दोनिओन तिच्यापासून वीतभर लांब,
आणि माझा माइक दोघांच्या मध्ये.

राहू दे का?

"वेडी आहेस? पोरं हे वाद्य घेऊन काय वाटेल ते वाजवणार,
मी काय प्रत्येकात टकटक करत बसू?
शिवाय," चष्मा कपाळावर चढवत, पडद्याकडे वाकत,
"तालात नाहीये ती."

तर पेन्सिल. म्हणजे राखाडी.
एक टक् म्हणजे दोन-अडीचशे टिंबं.
मसुरातले खडे वेचावेत तसं,
खिडकीकडे तोंड करून, रोज थोडं.

काल एकशे सातव्यापर्यंत आले.
तिथं टक् नेहमीच्या जागी नव्हतं.
किंचित उशिरा आलं.
मी रेघ मागे-पुढे केली. टिंबं मोजली.
उशीरच.
पेन्सिल ठेवली, फोन लावला.
चार घंट्या. पाचवी.

"काय गं?"

काही नाही, म्हटलं. सॉफ्टवेअर ठरलं.

"कुठलं?"

फुकटचं.

"मग माझं नाणं परत दे," तो म्हणाला,
"तुझ्या ताटाखाली राहिलंय."