सुनावणीचं भाडं

दोन बॉक्स, तीन माइक, एक जनरेटर,
खानापुरापासून टेम्पो वेगळा.
लग्नाला एक दर, जत्रेला एक.
सरकारी कामाला मी दर सांगत नाही,
ते सांगतात.

एक नोव्हेंबरला सकाळी काळ्या फितीवाल्यांची फेरी,
दुपारी लाल-पिवळ्या झेंड्यांची मिरवणूक,
दोन्हीकडं माझे हेच बॉक्स वाजलेत.
बॉक्सला भाषा नसते. भाड्यानं नेणाऱ्याला असते.

परवा मात्र डोंगराची सुनावणी होती.
सातेरीच्या राईमागचा डोंगर,
त्याच्या पोटातली लाल माती कंपनीला हवी आहे.
अहवाल तीनशे बारा पानांचा, इंग्रजीत.
सारांश नऊ पानांचा, कन्नडात.
मराठीत एक पाटी:
'चहाची सोय मागील बाजूस.'

हैदराबादहून आलेला पोरगा तसा बरा होता.
पडद्यावर त्यानं डोंगर दाखवला, एक हिरवट ठिपका.
हिरेमठ मास्तर वाचून सांगत होते:
खुरटं जंगल. जवळचं पाणी दोन किलोमीटरवर, हंगामी.
सकाळी वायर सोडताना
मी चपला हातात घेऊन ओढा ओलांडला होता.
मे महिना. घोट्याच्या वर पाणी.
खरं, वायरवाल्याला कोण विचारतंय?

प्रत्येकाला तीन मिनिटं, साहेब बोलले.
पहिली चाळीस मिनिटं मागच्या बॅनरवर गेली.
इकडून 'मराठीत पाहिजे',
तिकडून 'कन्नडदल्लि माताडी',
एकेकानं एकेक माइक धरून ठेवला
आणि दोघं बॉक्सच्या पुढ्यात आले.
किती वेळा सांगायचं,
माइकला स्वतःचाच आवाज ऐकू आला की
तो शिट्टी मारतो.
मारली. सगळ्यांनी कान झाकले.
कंपनीची माणसं बाटलीतलं पाणी पीत बसलेली,
निवांत, वरपक्षासारखी.

मग शट्टुप्पा घाडी उठला. लिहून आणलं होतं त्यानं.
'पर्यावरण' हा शब्द तीनदा अडला,
चौथ्यांदा त्यानं कागद खिशात घातला
आणि मधमाश्यांचं सांगायला लागला:
कुठल्या कपारीत किती पोळी,
कुठल्या सालात ती कुठं सरकली,
सरकली तेव्हा खाली कुठली झाडं फुलायची राहिली.
मास्तरांनी साहेबांना कन्नडात सांगितलं,
ह्यांना मधाची नुकसानभरपाई हवी आहे.
नसेल त्यांच्या मनात वाईट.
तीन मिनिटांत माणूस काय काय वळवणार.

शेवटी होनव्वा. माइक तिनं विळ्यासारखा धरला, लांब,
आणि दरीपलीकडच्या म्हशीला हाक घालावी तशी बोलली:
'मी जन्मलो हितं, मरतो बी हितंच.
नीर इल्ला म्हटल्यावर, साहेब, तुम्हीच सांगा की,
ह्यांचं मराठी पिऊ काय त्यांचं कन्नड पिऊ?'

हसले सगळे. मग एकेक करून थांबले.
कारकून पेन उचलून साहेबांकडं बघत राहिला,
हे कुठल्या भाषेत लिहायचं?
साहेबांनी घड्याळ बघितलं.

कागदावर नंतर आलं म्हणे:
ग्रामस्थांनी भाषेबाबत सूचना केल्या.
सभा शांततेत पार पडली.

रात्री घरी रेकॉर्डिंग लावलं.
होनव्वा नीट आलेली नाही, माइक लांब होता.
शिट्टी मात्र झकास आली आहे.
होनव्वानंतर सव्वा मिनिट कुणीच बोलत नाही.
आवाज वाढवला.
तळाशी काहीतरी सळसळतंय.
ओढा असेल.
किंवा मशीनची नेहमीची सूं.
तेवीस वर्षं ह्या धंद्यात,
दोन्हींतला फरक मला सांगता येईना.
बायकोला ऐकवलं. ती म्हणाली,
'बंद कर ते, झोपतो मी.'

गुरुवारी जांबोटीत हळद आहे,
कार्ड रिकामं करायला हवं.
अजून केलेलं नाही.
भाडंही अजून आलेलं नाही.